दुभाष्याची गावपळण

माझ्या घरी तीन कॉम्प्युटर आहेत ही बातमी वाडीत पसरल्यापासून लोक माझ्याकडे बिघडलेले मिक्सर घेऊन येतात. पुण्याची नोकरी सोडून मालवणला परत आले, तेव्हा पहिल्या महिन्यातच एक मिक्सर, एक इस्त्री आणि बटण दाबल्यावर गाणारा पण आता मुका झालेला एक प्लास्टिकचा पोपट माझ्या ओटीवर जमा झाला होता. मी सांगायचे, "अहो, मी दुरुस्त करत नाही. मी तपासते." त्यावर पोपटाची मालकीण म्हणाली, "मगे तपास तरी. डॉक्टर आधी तपासताच ना?"

तर मी तपासते. सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे, कधी आणि कोणाच्या हातून मोडेल हे आधीच शोधून काढायचं, हे माझं काम. आयुष्यभर मी लोकांच्या कामात खोड काढली आणि त्याचा पगार घेतला. सासूबाई म्हणतात, हे काम मी फुकटातही केलं असतं. या धंद्यात कौतुक जवळजवळ नसतंच. काही मोडलं तर "तपासलं कोणी?" म्हणून सगळे माझ्याकडे वळतात, आणि काही मोडलं नाही तर मी होते हेच कोणाच्या लक्षात राहत नाही. पुण्यात असताना याचं मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही, त्याला कारण आहे, आणि तेच सांगायचं आहे.

पण आधी थोडा धंदा समजावते. माझ्या टेबलावर विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तीन तऱ्हेची यंत्रं शेजारी शेजारी नांदतात. कुडाळला आमचं छोटं ऑफिस आहे. तिथे बसणारा प्रसाद स्क्रिप्टा लिहितो आणि मी त्या तिन्ही यंत्रांवर चालतात का ते बघते. स्क्रिप्ट म्हणजे यंत्रासाठी लिहून ठेवलेली कामं. अमुक वेळी हे बघ, कमी असेल तर ते चालू कर, पुरेसं झालं की बंद कर, मला कळव. हे सगळं माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं असतं. यंत्राला ती भाषा कळत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. तो एकेक ओळ वाचतो आणि यंत्राकडून काम करून घेतो. तो नसेल तर कितीही हुशारीने लिहिलेली स्क्रिप्ट जागची हलत नाही.

हा दुभाषी यंत्रात कुठल्या ठिकाणी राहतो, तो पत्ता बहुधा स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलेला असतो. त्याला आम्ही पाथ म्हणतो. घोळ असा की लिनक्सवर तो एका ठिकाणी राहतो, मॅकवर दुसऱ्याच ठिकाणी, आणि विंडोजवर ज्याने त्याला आणून बसवलं त्याच्या मर्जीप्रमाणे कुठेही. त्यामुळे प्रसादच्या मॅकवर सुरळीत चाललेली स्क्रिप्ट गिऱ्हाइकाकडे गेली की तोंडावर आपटते. प्रसाद म्हणतो, "माझ्याकडे तर चालता." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याने तोंड उघडलं तरी मला ते ऐकू येतं.

यावर एक उपाय आहे. पूर्ण पत्ता लिहायचाच नाही, "गावात विचारून घे" एवढंच लिहायचं. आमच्याकडे घर नंबर कोण सांगतो? तिठ्यावर या आणि सुरेशचं घर विचारा म्हणतात. यंत्रातही तसं करता येतं. पण वाडीत चार सुरेश असले की जो पहिला भेटेल तोच आणून उभा करतात, मग तो आपला असो की नसो. आणि स्क्रिप्ट माणसाने हाताने न चालवता ठरल्या वेळी आपोआप चालत असेल, तर विचारणारा परगावचा असतो. त्याला गावातल्या दोनच पाणंदी ठाऊक असतात, तेवढ्याच तो फिरतो आणि माणूस नाही म्हणून परत येतो.

कुणकेश्वरकडच्या एका होमस्टेवाल्याला आम्ही खोल्यांच्या बुकिंगची स्क्रिप्ट दिली होती. त्याच्या विंडोजवर दुभाषी नव्हताच. त्यामुळे स्क्रिप्टने हाक मारली की समोर विंडोजच्याच ऑनलाइन दुकानाचं पान उघडायचं, हा हवा असेल तर इथून घ्या म्हणून. त्याने मला फोन केला. "ताई, तुमचो माणूस गावात नाय. दुकानदार इचारता, होयो काय?" मी काही सांगायच्या आत त्याने बटण दाबलं, मग प्रसादने दुसरा बसवला, आणि एकाच नावाचे दोन दुभाषी त्याच्या यंत्रात एकमेकांच्या पायात पाय घालत बसले. ते निस्तरायला मला त्याच्या अंगणात दिवसभर बसावं लागलं. मासे मात्र उत्तम मिळाले.

आता हमीदभाई. खाडीकाठच्या एका गावात त्यांची कोळंबीची तळी आहेत. गावाचं नाव लिहीत नाही, इकडचे लोक ओळखतीलच. हमीदभाईंनी उमेदीची सगळी वर्षं कुवेतला काढली. वर्षातून एकदा यायचे, घर रंगवायचे आणि जायचे. पन्नाशी जवळ आल्यावर ते कायमचे म्हणून परत आले आणि खाडीलगतच्या वडिलार्जित खाजणात, भरतीचं खारं पाणी चढणाऱ्या जमिनीत, तळी खोदली. पहिलं पीक रोगाने गेलं. दुसरं एका पहाटे गेलं. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी होतो, तेव्हा तळ्यातली चाकं फिरून पाणी घुसळत राहावी लागतात. राखणीच्या माणसाचा डोळा लागला, चाकं बंदच राहिली आणि सकाळी पांढरी कोळंबी पाण्यावर तरंगत होती. तेव्हापासून कुवेतचा जुना सोबती त्यांना फोन करत होता, जागा आहे, ये म्हणून. हमीदभाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं की तिसरं पीकही गेलं तर येतो.

हे मला त्यांनी नव्हे, त्यांच्या बायकोने, जैतुनभाभींनी सांगितलं. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा चहाचा कप हातात देऊन त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाय, लग्न झाल्यापासून आमी एका घरात किती दिस रवलाव, ता बोटार मोजूक येयत. माका सोना नको, गाडी नको. ही कोळंबी तेवडी जगव. जगली तर हे हंय रवतले."

पुण्यात मी बँकांची सॉफ्टवेअरं तपासली, विम्याची तपासली. त्यातलं काही मोडलं असतं तर कोणाचं काय झालं असतं, हे मला कधी कोणी चहाचा कप देऊन सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना काय काय तपासायचं याची यादी मी मनात दोनदा केली.

काम असं होतं. तळ्याच्या बांधावर एका पेटीत छोटं लिनक्सचं यंत्र. ते पाण्यातला प्राणवायू मोजणार, कमी झाला की चाकं सुरू करणार, आणि काही बिनसलं तर हमीदभाईंच्या मोबाईलवर संदेश पाठवणार. घरी त्यांच्या विंडोज लॅपटॉपवर सगळे आकडे दिसणार. स्क्रिप्ट प्रसादने मॅकवर लिहिली. म्हणजे तीन यंत्रणा एका तळ्यावर आल्या, आणि माझ्या वाट्याच्या सगळ्या डोकेदुख्या एकत्र जमल्या.

पेटीतल्या यंत्रात एक म्हातारा दुभाषी आधीपासून होता. मोजणीचं उपकरण वाचायची विद्या त्याच्याकडे नव्हती. पेटी विकणाऱ्याची अट होती की आत नवीन काही इन्स्टॉल केलं तर हमी संपली, नुसत्या फाइली ठेवलेल्या चालतील. म्हणून आम्ही आमचा दुभाषी, त्याच्या सगळ्या सरंजामासकट, एका पेनड्राइव्हवर ठेवला आणि तो पेटीला लावला. "गावात विचारून घे" केलं तर यंत्र त्या म्हाताऱ्यालाच धरून आणायचं, म्हणून मी हट्टाने पूर्ण पत्ता लिहायला लावला. हा दुभाषी, या पेनड्राइव्हवर, या घरात. मग मी माझा धंदा केला. वीज काढली, परत दिली. नेटवर्क तोडलं. घड्याळ पुढेमागे केलं. उपकरण पाण्याबाहेर काढलं. सगळ्यातून स्क्रिप्ट उठून उभी राहिली.

भाभी बांधावर उभ्या राहून हे बघत होत्या. मी त्यांना दुभाष्याची सगळी गजाल सांगितली. त्यांना ती फार आवडली. "आणि तो रवता खंय?" म्हणाल्या. मी पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं. त्यावर निळा दिवा लुकलुकत होता.

"इतक्याश्या घरात?" भाभी हसल्या. "बरो आसा बिचारो. भाडा नाय, खर्च नाय."

कोळंबी छान वाढली. मार्गशीर्ष उजाडला तशी ती जवळजवळ काढणीला आली, आणि त्याच सुमारास गावात देवाने कौल दिला. गावपळण.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या जिल्ह्यात काही गावं अशी आहेत की काही वर्षांनी एकदा, देवाचा कौल घेऊन, सगळंच्या सगळं गाव वेशीबाहेर जाऊन राहतं. तीन दिवस. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, मांजरं, सगळी. गावात देव तेवढा राहतो, त्या दिवसांत बाहेरचं माणूसही आत पाऊल टाकत नाही. वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं होतात, फुगड्या, पत्ते, गप्पा. मुंबईहून चाकरमानी मुद्दाम येतात. जो गावात राहतो तो जातो, मग तो हिंदू असो की मुसलमान. हमीदभाई म्हणाले, "आमचो आजो जाय, बापूस जाय, आमीव जातलाव. गाव काय एकट्याचो आसा?"

माझ्या माहेरच्या किंवा सासरच्या गावात ही चाल नाही. म्हणजे मला ती ऐकून ठाऊक होती, पाळून नाही. मला तर उलट आनंदच झाला. तीन दिवस तळ्याकडे कोणी फिरकणार नाही आणि स्क्रिप्ट एकटी तळं सांभाळेल, यापेक्षा चांगली परीक्षा कुठली? खाद्य टाकणाऱ्या यंत्राला त्याचं वेगळं घड्याळ होतं, ती काळजी नव्हती. भाभींनी जेवायला बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी दुपार कलल्यावर मी स्कूटर काढली आणि वेशीवर जाऊन पोचले.

तिथे जत्राच होती. भाभींनी झोपडीत चूल मांडली होती, तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाच्या भाकऱ्या होत होत्या. हमीदभाई पत्ते खेळत होते आणि हरत होते. मला बघून लांबूनच ओरडले, "बाय, सकाळपासून एक संदेश इलो नाय! तुझा मशीन एकदम शांत आसा!"

मी खुशीत मांडी घालून बसले. माझ्या ओढणीची टाचणी निघाली होती, म्हणून भाभींनी बिस्किटांचा डबा उघडला. सुई-दोरा, टाचण्या, औषधाच्या गोळ्या, कानातली, आणि त्या सगळ्यांवर ऐटीत पहुडलेला आमचा पेनड्राइव्ह.

मी तो उचलून हातात घेतला.

"भाभी, ह्यो खंयसून हाडल्यात?"

"पेटीतसून," भाभी शांतपणे म्हणाल्या. "तूच सांगलंस ना, दुभाषी ह्याच्यात रवता म्हणान? गावात कोणी रवाक नको. आमी मांजरसुद्धा वांगडा हाडलाव, मगे तेकाच एकट्याक थंय सोडूचो? आणि ता लुकलुकत होता गो. जीव आसा काय नाय, माका काय ठावक? देवाच्या कामात वायच जपान रवलेला बरा."

खरं सांगते, मला आधी हसू आलं. इतकं की भाभीही हसायला लागल्या. आजवर लोकांनी माझ्या स्क्रिप्टा वीज घालवून मोडल्या होत्या, चहा सांडून मोडल्या होत्या, पासवर्ड विसरून मोडल्या होत्या. दुभाष्याला पुण्य समजून गावाबाहेर काढून कोणी मोडली नव्हती. मग माझं हसू तिथेच गोठलं. संदेश का येत नव्हता ते मला कळलं. संदेश पाठवणारी स्क्रिप्टच सकाळपासून बंद होती. चाकं बंद होती. दिवसा उन्हात पाण्याला फारसं काही होत नाही, पण पहाट व्हायची होती.

मी हमीदभाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्या हातात अजून पत्ते होते. ते त्यांनी नीट जुळवून खिशात ठेवले आणि वेशीकडे चालू लागले. भाभींना आता सगळं समजलं होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना. आम्ही दोघी त्यांच्या मागून गेलो.

वेशीवर व्हाळ, म्हणजे ओढा, आहे आणि व्हाळावर साकव, म्हणजे छोटा पूल. साकवापलीकडे रिकामा रस्ता, बंद दारं, आणि कुठे चिटपाखरू नाही. पाय उचलून झपाझप गेलं तर तळी दूर नव्हती. हमीदभाई साकवाच्या अलीकडच्या टोकाला उभे राहिले.

भाभी हळूच म्हणाल्या, "तुमी जाणार असलात तर जावा. मी कोणाक सांगूचंय नाय."

त्यांनी पलीकडच्या बंद दारांकडे बघितलं. मग म्हणाले, "गेलंय तर माका कोण अडवतलो नाय. पण आजोबापासून कोण गेलो नाय. मी गेलंय आणि कोळंबी जगली, तरी ती माका गोड लागाची नाय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, हंयसून काय जमता तर बघ. नाय जमला तर तुका दोष नाय."

मला वाटलं होतं की मी तपासणारी आहे, दुरुस्त करणारी नाही. त्या क्षणी मी निमूटपणे त्यांनी गावाबाहेर येताना सोबत आणलेला लॅपटॉप मागितला.

तांदळाच्या गोणीवर लॅपटॉप ठेवून मोबाईलच्या नेटवरून मी बांधावरच्या पेटीत शिरले. पेटी जिवंत होती. स्क्रिप्ट चालवून बघितली, तर उत्तर आलं, अशी फाइल अस्तित्वात नाही. या उत्तराने नवशिके वेडे होतात, कारण फाइल तर डोळ्यांसमोर असते. यंत्राला म्हणायचं असतं की या फाइलने ज्याला बोलवायला सांगितलंय तो पत्त्यावर नाही. पण ते सरळ सांगत नाही, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. मग मी त्या म्हाताऱ्या दुभाष्याला उठवून बघितलं. तो उठला, पण मोजणीचं उपकरण त्याला वाचता येईना. नवीन विद्या उतरवून घ्यायला तिथलं नेटवर्क पुरेना.

शेवटी एकच वाट उरली. लिनक्स असो की मॅक, त्यात शेल नावाचा एक साधा दुभाषी असतोच, आणि त्याचा पत्ता सगळीकडे तोच. तो कुठून आणून बसवावा लागत नाही, कोणी काढून नेऊ शकत नाही. मोजमाप त्याच्याकडून झालं नसतं, पण अंधार पडायच्या सुमाराला चाकं सुरू कर आणि उजाडून ऊन वर येईपर्यंत बंद करू नकोस, एवढं त्याला सांगता येत होतं. हमीदभाईंना मी हे समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे गावात देव रवता, तसो ह्यो पेटीत रवता."

मी चार ओळी लिहिल्या, पेटीत पाठवल्या आणि चालवल्या. उत्तर आलं, अशी फाइल अस्तित्वात नाही.

मी चारही ओळी अक्षर न् अक्षर परत वाचल्या. जो कधीच कुठे जात नाही तोसुद्धा घरी नाही? मी प्रसादला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, लॅपटॉप कोणाचो?"

"हमीदभाईंचा."

"विंडोज?"

दोघंही एकदम ओरडलो. जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की दोन हालचाली करायच्या असत, कागद वर सरकवायचा आणि गाडा मागे ढकलायचा. विंडोज अजून प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या दोन्हीची खूण ठेवतं. लिनक्स एकच ठेवतं. मी विंडोजवर लिहिल्यामुळे पहिल्या ओळीतल्या पत्त्याच्या शेपटीला एक न दिसणारी खूण चिकटली होती. पत्ता बरोबर, पण यंत्राला वाटत होतं की हे घर दुसरंच. ही गोष्ट मी पुण्यात किती नव्या मुलांना फळ्यावर शिकवली असेल! प्रसाद हसत राहिला, मी त्याला दोन शिव्या दिल्या आणि ती खूण काढून टाकली.

पुन्हा चालवलं. पडद्यावर अक्षरं आली, चालू.

पण मी तपासनीस. पडद्यावर चालू आलं म्हणजे तळ्यात चाकं फिरत आहेत यावर मी कशी विश्वास ठेवू? बटण दाबलं गेलं एवढंच यंत्र सांगत होतं. तिथे जाऊन बघायला कोणी नव्हतं. हमीदभाई मला म्हणाले, "झाला?" आणि मला हो म्हणवेना.

तेव्हा भाभींना सुचलं. त्यांनी फुगडी घालणाऱ्या पोरींना हात केला, भजनवाल्यांना विनवणी केली, आणि सगळ्यांना सांगितलं, जरा गप्प ऱ्हवा. का ते सांगितल्यावर अख्खी वेस गप्प झाली. आम्ही साकवावर जाऊन उभे राहिलो. सूर्य खाडीत बुडत होता. पलीकडे गावात कुत्रं नाही, कोंबडा नाही, रेडिओ नाही, गाडी नाही. एरवी कधी ऐकू आला नसता असा एक बारीक आवाज त्या शांततेतून खाडीवरून आला. छप, छप, छप. चाकं पाणी घुसळत होती.

"ऐकलात?" भाभींनी हमीदभाईंचा हात धरला. चारचौघांत नवऱ्याचा हात धरायची इकडे रीत नाही. त्यांनी धरला आणि सोडला नाही. मागे कोणीतरी देवाच्या गाऱ्हाण्याला म्हणतात तसं मोठ्याने "होय म्हाराजा" म्हटलं आणि सगळी वेस हसली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

पुढचे दिवस आमचं उपकरण म्हणजे भाभींचे कान. पहाटे उठून त्या साकवाशी जायच्या आणि मला फोन करायच्या. एकदा म्हणाल्या, "बाय, चाकां थांबली." मी अंथरुणातून उडाले. वीज गेली होती. लॅपटॉप उघडेपर्यंत परत फोन, "लागली, लागली, निज तू." मग तिसरा दिवस सरला, मानकऱ्यांनी देवाला कौल लावला आणि देवाने परतायची परवानगीच दिली नाही. आणखी एक दिवस बाहेर. लोकांनी आनंदाने चुलीवर आणखी भात चढवला. हमीदभाईंनी मला फोनवर विचारलं, "तुझ्या शेलाक चलात काय एक दिस जास्त?" मी म्हटलं, त्याला कौलाशी काही देणंघेणं नाही. पण रात्रभर मला झोप आली नाही.

गाव परत आलं त्या सकाळी मी बांधावर होते. तळ्यात कोळंबीचं खाणं बघायला एक जाळीचं ताट दोरीने सोडलेलं असतं. ते वर काढलं की तळ्याची तब्येत कळते. हमीदभाईंनी दोरीला हात घातला आणि काढून घेतला. मला म्हणाले, "तू काढ." मी म्हटलं, नाही, तुमचं तळं आहे. आम्ही दोघं एकमेकांना आग्रह करत असताना भाभी पुढे आल्या आणि त्यांनी दोरी सरसर ओढली. ताट पाण्यावर येताच कोळंबी ताडताड उडाली. एक तर उडून भाभींच्या ओढणीत अडकली. तळ्याच्या एका कोपऱ्यात थोडी मेलेली होती, पहिल्या दिवसाची असेल. ती हमीदभाईंनी ओंजळीने गोळा केली. पण उरलेलं तळं जिवंत होतं, आणि आठवड्याभरात काढणीही झाली.

आता आमच्या ऑफिसात प्रत्येक कामाची एक तपासणी जास्त होते. सगळं सुरळीत चालू असताना मी दुभाष्याला घराबाहेर काढते आणि स्क्रिप्ट काय करते ते बघते. तिला दुसरा पत्ता ठाऊक असायला हवा, आणि तोही नसला तर निदान बोंब मारता यायला हवी. या तपासणीला आम्ही गावपळणच म्हणतो. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा शब्द कुठल्या मानकातला? प्रसादने त्याला कळवलं, आमच्या जिल्ह्यातला.

काढणीनंतर काही दिवसांनी भाभींनी कोळंबी घेऊन जायला बोलावलं. हमीदभाई अंगणात बसून कुवेतच्या सोबत्याशी फोनवर बोलत होते. त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. मी भाभींकडे बघितलं. त्यांनी मला पडवीच्या टोकाला नेलं. तिथे हमीदभाईंची कुवेतची मोठी बॅग उघडी पडली होती, विमानाच्या चिठ्ठ्या अजून तिच्या मुठीला चिकटलेल्या. बॅगेत भाताचा पेंढा भरला होता, आणि पेंढ्यावर पंख फुगवून एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी वाकले तशी ती माझ्यावर गुरगुरली.

"आता पिल्लां भायर येयसर त्या बॅगेक कोणी हात लावचो नाय," भाभी म्हणाल्या. "आणि ती गेली काय मी दुसरी बसवतलंय."